हलक्या विमानाचे मिस्त्री

नवी पेठेत मोटारसायकली दुरुस्त करणारे एक मिस्त्री माझ्या ओळखीचे होते. घरी बांधता येईल असं छोटं विमान करायचा त्यांना ध्यास होता. गिरणीतल्या साहेबाने टाकून दिलेली विलायती मासिकं ते जमवत आणि मी शाळामास्तर म्हणून मला दुकानात बसवून माझ्याकडून वाचून घेत. पंखांची एकच जोडी असावी, असं संध्याकाळी ठरवून घरी जात आणि सकाळी एकावर एक दोन जोड्यांचं म्हणत परत येत.

शेवटी एक नमुना ठरला. इंजिन एका मोडक्या मोटारसायकलचं घेतलं. ते थोडं जड पडत होतं, म्हणून मिस्त्रींनी एक वेळचं जेवण सोडलं.

"इंजिन हलकं हुईना, तर मी हुतो की," म्हणाले.

पहिला पंख तयार झाला आणि नव्या अंकात बातमी आली. त्याच नमुन्याचं विमान कोसळून बांधणारा दगावला होता. मला धीर होईना. तेवढा मजकूर गाळून मी पुढे वाचू लागलो.

"मास्तर, तुमचं बोट एकदम खाली गेलं. मधी काय हाय?"

मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग करवत घेऊन सहा महिने खपून केलेला पंख त्यांनी मधोमध कापला.

हात झटकून ते माझ्याशेजारी बसले. पुढच्या पानावरच्या दुसऱ्या विमानावर बोट ठेवून म्हणाले, "हे बरं दिसतंय. वाचा. पन आता एकबी ओळ सोडायची न्हाय."