हुर्शितबाबांच्या फळ्या

रासिमला दोन गोष्टींची भारी हौस. एक, स्वतःच्या हातानं काहीतरी बनवायचं. आणि दोन, बनवलेलं लोकांना दाखवायचं. पहिली हौस असलेली माणसं आमच्या खोऱ्यात पुष्कळ आहेत. काळ्या समुद्राकाठी, रिझे शहराच्या वरच्या अंगाला ज्याला चहाच्या उतारावर सरळ उभं राहता येतं, त्याला करवतही धरता येते. पण रासिम मधमाश्यांची साधी पेटी बनवायचा आणि ती आठवडाभर रस्त्याकडेला ठेवून द्यायचा. कुणी थांबून बघायला लागलं की हा दुसरीकडेच कुठेतरी नजर लावून उभा. "कुणी केली रे?" असं समोरच्यानं विचारेपर्यंत त्याच्या जिवाला चैन नसे.

माणूस वाईट नव्हता. चहा खुडायच्या दिवसांत शेजारणींची ओझी न सांगता उचलायचा, बायकोवर कधी हात टाकला नाही, म्हाताऱ्या वडिलांची दाढी दर शुक्रवारी स्वतः करायचा. फक्त कौतुकाला फार हपापलेला.

त्याचं घर आमच्या सगळ्यांच्या घरांसारखंच होतं. वर माणसं, खाली गाय. वरची जमीन म्हणजे तुळयांवर शेजारी शेजारी ठोकलेल्या फळ्या. दोन फळ्यांच्या मधून खालचा उजेड दिसायचा आणि खालचा वासही वर यायचा. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. शेणाचा वास आला नाही तर गाय आजारी आहे की काय म्हणून आम्ही खाली जाऊन बघतो. पण त्या वर्षी रासिमच्या मुलीला, नाझिरेला, मागणी घालायला किनाऱ्यावरच्या पाझारहून माणसं येणार होती. मुलाचे वडील फेहमीबे दुकानदार, घरात चकचकीत फरशी. मुलगा आणि नाझिरे यांचं एकमेकांवर मन बसलेलं होतं, हे सगळ्या गावाला माहीत. उरला होता तो मोठ्यांचा मान. फेहमीबे शरद ऋतूत, हेझलनट उतरवून झाले की येतो, म्हणाले होते.

रासिमनं कॉफीखान्यात जाहीर केलं की तो घराला नवी जमीन करणार. सुताराकडून नाही, स्वतः. प्रत्येक फळीच्या एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत गेली की मध्ये सुईसुद्धा शिरायची नाही.

"वाससुद्धा वर येणार नाही," तो म्हणाला.

"मग तुझ्या गाईनं श्वास कुठून घ्यायचा?" शेजारचा झिहनी म्हणाला. झिहनी रासिमच्या वडिलांचा, हुर्शितबाबांचा लहानपणापासूनचा दोस्त, आणि रासिमला चिमटे काढायचा हक्क आपल्याला वारशानं मिळालाय असं समजणारा. कॉफीखाना हसला. रासिमही हसला, पण मनात धरून घरी गेला.

त्यानं काम मात्र देखणं केलं, ते कबूल करायलाच हवं. ट्रकच्या मोडक्या स्प्रिंगची पट्टी घासून घासून पाती केली, बीचच्या लाकडात बसवली आणि दोन रंधे तयार केले. एक जीभ काढायला, एक खाच पाडायला. वसंतात चेस्टनटचं झाड पाडलं, फळ्या कापल्या, आणि मध्ये काठ्या ठेवून अंगणात रचल्या. आता आमच्याकडे चेस्टनट कापलं की दोन हिवाळे तरी त्याच्याकडे कुणी बघत नाही. आमचा उन्हाळा म्हणजे निम्मा पाऊसच. त्यात लाकूड वाळतं कसलं.

हुर्शितबाबा काठी टेकत अंगणात आले, एका फळीला नख लावून बघितलं आणि म्हणाले, "ओलं आहे. एक हिवाळा जाऊ दे."

"हिवाळा जाईल बाबा, आणि त्याच्याबरोबर स्थळही जाईल."

म्हातारा काठी टेकत परत गेला. त्यांना एकदाच सांगायची सवय होती.

शरद आला तेव्हा रचलेल्या फळ्यांपैकी कितीतरी पिळवटल्या होत्या, काहींना टोकापासून चीर गेली होती. चांगल्या निवडून, रंधून रासिमनं खोलीत मांडून पाहिल्या, तर खिडकीच्या भिंतीलगतची पट्टी उघडीच राहिली. नेमकी तीच जागा. खिडकीखालच्या बाकावर मानाचे पाहुणे बसतात. पाहुणे चार दिवसांवर आलेले. रासिम खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि त्याची नजर वर माळ्याकडे गेली.

माळ्यावर हुर्शितबाबांच्या फळ्या होत्या. आमच्याकडे केस पिकले की माणूस स्वतःसाठी एक चेस्टनट पाडतो, त्याच्या आखूड आखूड फळ्या करतो आणि छपराखाली ठेवून देतो. मयताला खड्ड्यात कुशीला ठेवलं की त्याच्या अंगावर माती पडू नये म्हणून त्या फळ्या तिरक्या लावतात. शेजारी एकमेकांचं भांडं मागतात, बैल मागतात, नवराबायकोच्या भांडणात मध्यस्थही मागतात. पण त्या फळ्या कुणी कुणाच्या मागत नाही. घरातलं शेंबडं पोरसुद्धा त्यांना हात लावत नाही. हुर्शितबाबांनी त्या रासिमच्या लग्नाच्या आसपास कापल्या होत्या, आणि पाऊस जोराचा लागला की आठवण काढायचे, माळा गळत नाही ना म्हणून.

दुपारी बाबा कॉफीखान्यात गेले तेव्हा रासिमनं शिडी लावली.

"बाबांना विचारलंत?" खालून बायकोनं, गुलिझारनं विचारलं.

"पुढच्या वर्षी नव्या करून ठेवीन. त्यांना चढता कुठे येतंय वर. कळणारसुद्धा नाही."

"कळणार नाही, म्हणूनच विचारतेय," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली. नवऱ्याशी एवढं बोलल्यावर ती गप्प बसायची, आणि ते गप्प बसणं रासिमला बोलण्याहून जास्त टोचायचं. पण त्या दिवशी त्याला घाई होती.

ते लाकूड रंध्याखाली असं आलं की त्याला वाईट वाटायलाही सवड मिळाली नाही. वर्षानुवर्षं वाळलेलं, हाडासारखं. जीभ कुठे तुटली नाही, खाच कुठे फाटली नाही. खिडकीच्या भिंतीपासूनच सुरुवात करायची होती, म्हणून त्या फळ्या त्यानं सगळ्यांत आधी बसवल्या. खिळा जिभेतून तिरका मारायचा, म्हणजे पुढची फळी सरकवली की खिळा झाकला जातो. खिळा एकही दिसत नाही. मात्र अशी जमीन सोडवायची तर शेवटच्या फळीपासून उलटं यावं लागतं. मधलीच किंवा पहिलीच उपसायला गेलं तर ती फुटते. ही करामत रासिमनं पुढे कित्येक दिवस ज्याला त्याला ऐकवली.

पाहुणे आले. दारात बूट काढून फेहमीबे मोज्यांनी आत आले आणि दोन पावलांवर थांबले. टाच दाबून बघितली. नाक वर करून हुंगलं देखील. मग बाकावर बसून म्हणाले, "ही जमीन कुणी केली?"

रासिम दुसरीकडेच बघत होता. हुर्शितबाबांनीच उत्तर दिलं, "आमच्या पोरानं." त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि त्यांची पावलं स्वतःच्याच फळ्यांवर टेकलेली होती. रासिमनं ते पाहिलं आणि झटकन कॉफी आणायला सांगण्याचं निमित्त काढलं. त्या दिवशी सगळं जमलं. गोड बोलणं झालं, अंगठ्या झाल्या, लग्न उन्हाळ्यात ठरलं.

मग हिवाळा आला आणि शेगडी पेटली.

ओलं लाकूड उबेनं वाळतं तेव्हा आक्रसतं. आधी शेगडीजवळ एक रेघ दिसली, मग रेघेची फट झाली. एकेक जीभ आपल्या खाचेतून बाहेर सरकली आणि खाली गाईची पाठ दिसायला लागली. वास आधीसारखा आला, किंबहुना रासिमला तो आधीपेक्षा जास्त यायला लागला. त्यानं फटींवर सतरंजी टाकली. मग दुसरी टाकली. माणसांना घरी बोलावणं बंद केलं. झिहनीनं रस्त्यात विचारलंच, "काय रे, गाय आता वर मान करून सलाम करते म्हणे?" पूर्वी रासिम अशाला उत्तर द्यायचा. आता तो खाली मान घालून पुढे गेला.

सगळ्या खोलीत एकच पट्टी जशीच्या तशी राहिली होती. खिडकीखालची, आखूड फळ्यांची. तिच्यात नखही शिरत नव्हतं. जे बघायला नको तेच तेवढं ठसठशीत दिसत होतं, आणि ते झाकायला तिसरी सतरंजी घरात नव्हती.

एके संध्याकाळी बाबांच्या हातून जपमाळ निसटली. ती उचलायला ते वाकले आणि त्यांचा हात जमिनीवरच राहिला. तळवा एका फळीवरून हळूहळू फिरला, एका गाठीपाशी थांबला.

"रासिम, माळ्यावर माझ्या फळ्या कोरड्या आहेत ना?"

"आहेत की."

"छप्पर गळत असेल, म्हणून म्हटलं."

"नाही बाबा. परवाच बघितल्या मी वर जाऊन."

एवढं बोलायची काही गरज नव्हती. पहिल्या खोट्यावर भागलं असतं, पण यानं आणखी एक पाऊल पुढे टाकलं. बाबांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, "बरं," म्हणाले आणि चहा मागितला. रासिमचे कान तापले. उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम बाहेरच रेंगाळला. त्यानंतर सांगायचं रोज थोडं थोडं अवघड होत गेलं. शुक्रवारी दाढी करताना वडिलांची नजर चुकवायची म्हणून तो त्यांच्या मागे उभा राहून वस्तरा चालवायला लागला.

बर्फ वितळायला लागलं आणि हुर्शितबाबा पहाटेच्या नमाजानंतर बसल्या जागी गेले. शांत मरण, सगळे म्हणाले. दुपारपर्यंत माणसं जमली. पाझारहून फेहमीबे मुलाला घेऊन आले. बूट काढून ते आत आले तेव्हा खोलीभर सतरंज्या पसरल्या होत्या. फेहमीबेंचा पाय एका फटीत जरासा खचला, त्यांनी तो काढून घेतला. मयताची आंघोळ झाली, कफन झालं. नमाज पढवणारे होजा म्हणाले, "रासिम, बाबांच्या फळ्या काढ."

रासिम शिडीपाशी गेला आणि उभाच राहिला. त्याला मदत करायला दोघे पुढे झाले.

"वर जाऊ नका," झिहनी म्हणाला. "वर काही नाही. हुर्शित माझ्याकडे आला होता, भर हिवाळ्यात. म्हणाला, माझ्या फळ्या मीच पोराला दिल्या, नातीच्या कामाला येऊ देत. माझी वेळ आली तर तुझ्यातल्या दे, रासिम तुला नव्या करून देईल. मी माझ्या बाहेर आणून ठेवल्यात."

खोलीत कुजबुज झाली. असा बाप मिळायला नशीब लागतं, असं कुणीतरी म्हणालं. फेहमीबेंनी रासिमच्या खांद्यावर हात ठेवला. आता याला फक्त मान हलवायची होती. बापानं जाता जाता त्याची अब्रू नीट घडी घालून त्याच्या हातात दिली होती. आयुष्यभर ज्या नजरांसाठी तो तळमळला, त्या सगळ्या नजरा त्याच्यावर होत्या, आणि मायेनं भरलेल्या होत्या. भिंतीला टेकून उभी असलेली गुलिझार तेवढी त्याच्याकडे बघत नव्हती.

"दिल्या नाहीत त्यांनी," रासिम म्हणाला. "मी घेतल्या. न विचारता. आणि त्यांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो, वर आहेत म्हणून."

फेहमीबेंचा हात खांद्यावरून निघाला. मुद्दाम काढला की आपोआप, कोण जाणे.

"असू दे रे," झिहनी हलक्या आवाजात म्हणाला. "वेळ नाही. माझ्या घे."

"नको, झिहनीचाचा. त्यांच्या आहेत, त्यांनाच जातील."

त्यानं पहार आणली आणि दारापाशी गुडघे टेकले. कुणीतरी म्हणालं, अरे, खिडकीजवळच्याच उचल ना सरळ. त्या निघत नाहीत, फुटतात, रासिम म्हणाला. शेवटापासूनच यावं लागतं. हीच गोष्ट त्यानं गावभर सांगितली होती, पण इतक्या खालच्या आवाजात कधीच नाही. मग सतरंज्या गुंडाळल्या गेल्या आणि एकेक फळी निघायला लागली. खालून उबदार, दाट वास सगळ्या खोलीत भरला. गाय वर बघत रवंथ करत होती. ज्या पाहुण्यांपासून हे लपवायला त्यानं सगळा खटाटोप केला, ते पाझारचे पाहुणे भिंतीला चिकटून तुळयांवर तोल सांभाळत उभे होते. रासिमच्या हातातून पहार दोनदा घसरली. मग झिहनीनं कोट काढला आणि त्याच्या शेजारी बसला. एकेक करून बाकीचेही बसले. शेवटी नुसत्या तुळया राहिल्या आणि भिंतीलगत हुर्शितबाबांच्या फळ्या.

कबरीत उतरायचं काम मुलाचं. रासिम खाली उतरला, वडिलांना कुशीवर नीट ठेवलं, आणि वरून एकेक फळी हातात घेऊन तिरकी लावू लागला. हात आपले आपण चालत होते. जीभ खाचेत, वर तळव्याची एक थाप, पुढची फळी. साध्या फळ्यांच्या मधून चिखल गळतो, म्हणून आमच्याकडे वर गवत पसरतात. इथे पसरायला फटच नव्हती. शेवटची फळी सरकवली, ती किंचित अडली, त्यानं तिला कोपऱ्यात अलगद ठोकलं आणि ती बसली. काम बेफाम सुंदर झालं होतं.

आणि रासिमनं मान वर केली, लोक बघताहेत का म्हणून.

ते बघत होते. होजा, झिहनी, फेहमीबे, सगळे वाकून. आपण वर का पाहिलं ते रासिमला त्याच क्षणी कळलं. फळ्या घेतल्या तेव्हा, खोटं बोललो तेव्हा, भर खोलीत कबूल केलं तेव्हासुद्धा त्याला इतकी लाज वाटली नव्हती. त्यानं वर यायला पुढे केलेला झिहनीचा हात धरला नाही. खड्ड्याच्या कडेची ओली माती दोन्ही हातांनी ओढून तो त्या फळ्यांवर लोटायला लागला, जोड झाकला जाईपर्यंत.