नुसती हाडं

समोरच्या पोरीपेक्षा मला वजनकाट्याचीच जास्त भीती वाटते, असं मी मैत्रिणींना सांगायचे. ते खोटं होतं. वजन जरा वाढलं की मी वरच्या गटात जाणार होते, आणि वरच्या गटात 'ती' होती. गेल्या वर्षी बॉक्सिंगच्या सरावात तिनं माझं नाक फोडलं. त्यानंतर वर्गात कुणी केस सारखे करायला हात उचलला, तरी माझी मान आपोआप मागं जायची.

यंदा परभणीला जिल्ह्याची निवड होती. निवड झाली तर पुढं राज्याला खेळता येणार होतं, आणि खेळाडूंच्या जागेतून पोलिसात लागायचं तर दुसरी वाट नव्हती. म्हणून मी खाणं जवळपास सोडलं. आई भरलेलं ताट पुढं सरकवायची, मी तोंड फिरवायचे.

घरात काटा नाही. माझे वडील, आबा, ताडकळसच्या बाजारात शेरडं विकतात. बकरू दोन्ही हातांवर उचलायचं नि वजन सांगायचं, हे त्यांचं रोजचं काम. हात कधी चुकत नाही. पण एखाद्या बकरावर जीव जडला, की गिऱ्हाइकाला स्वतःच सांगतात, "हलकं हाय, नुसती हाडं हायत." आणि संध्याकाळी ते बकरू परत घरी. आई कपाळाला हात लावते.

निवडीच्या आदल्या संध्याकाळी मी अंगणात त्यांच्यापुढं उभी राहिले.

"आबा, मला उचलून बघा."

त्यांनी मला बकरागत दोन्ही हातांवर घेतलं. जरा वेळ तसंच धरलं. मग खाली ठेवून म्हणाले, "लय हलकी झालीस गं. नुसती हाडं राह्यलीत. खा पोटभर."

मी दोन भाकरी खाल्ल्या. भुकेपुढं अक्कल कुठली चालते!

सकाळी मैदानावर काट्यावर चढले आणि आकडा दोनदा वाचला. वजन जास्त भरलं होतं. सरांनी स्वेटर घालून पळायला लावलं, दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या. काटा काही ऐकेना. सर म्हणाले, "वरच्या गटात खेळ, नाहीतर घरी जा."

ती पलीकडं हाताला पट्ट्या गुंडाळत बसली होती. मला घाम फुटला, तो पळण्याचा नव्हता.

आबा कुंपणापाशी उभे होते. मी सांगायच्या आत म्हणाले, "चल मग. येष्टी हाय आता."

इतक्या लगबगीनं म्हणाले, की मला एकदम संध्याकाळचे ते शब्द आठवले. नुसती हाडं.

"आबा, तुमचा हात चुकला न्हाई ना?"

ते चपलेनं माती उकरत राहिले. "न्हाई चुकला. तुझं नाक बघितल्यापासून मला झोप न्हाई, माय. वाटलं, वजन जास्त भरलं की तू खेळायचीच न्हाईस, घरी येशील."

मला त्यांचा संताप आला, आणि त्याच वेळी त्यांच्यासोबत एसटीत जाऊन बसावंसंही वाटलं. खरंच वाटलं. पण मी सरांकडं गेले आणि वरच्या गटात नाव घालायला सांगितलं. आवाज माझा वाटत नव्हता.

मी रिंगमध्ये चढले. वरून पाहिलं, तर आबा रिंगकडं पाठ करून उभे. घंटा झाली. तिचा पहिलाच ठोसा नाकाच्या रोखानं आला. मान मागं गेली, पण या वेळी हातही वर आले. मार खूप खाल्ला, थोडा दिलाही. शेवटच्या घंटेला मी उभी होते. पंचांनी हात तिचा उचलला. निवड गेली.

मी रडतच कुंपणापाशी गेले. आबांची पाठ तशीच होती.

"नाक?" त्यांनी न वळता विचारलं.

"हाय जागेवर."

तेव्हा कुठं ते वळले. माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिले. उपरण्यानं माझा घाम पुसला. 

"पुढल्या साली," ते म्हणाले, "खरं वजन सांगीन."