तोफेचा खलबत्ता

गनरमामा कशातही बसले तरी तोंड मागे करून बसत. बैलगाडीत बसले तर गाडीवानाच्या पाठीला पाठ लावून, पाय मागे सोडून. ट्रकच्या हौद्यात आम्ही बाकीचे केबिनला धरून समोरचा वारा खात उभे असू, आणि मामा मागच्या फळीशी बसून उडत्या धुळीकडे टक लावून बघत. सायकलवर काही उलटं बसता येत नाही. म्हणून त्यांनी हँडलला न्हाव्याचा आरसा तारेने बांधला होता, आणि चऱ्होलीहून चिंचवडला ते रोज त्या आरशात बघत येत.

कारखान्याच्या फाटकात कुणीतरी हटकून विचारी, "काय मामा, येता येता दाढी उरकता काय?"

"दाढी न्हाई रं. तुझा बाप दांडकं घिऊन तुझ्या मागं निघालाय, त्येला बघतोय."

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. आमच्या माळावर कारखाने नुकते रुजत होते. ज्वारीच्या रानात मध्येच एखादं धुराडं दिसे. त्यातल्याच एका ओतशाळेत मी वजनकाट्यावर होतो. येणारी मोड, म्हणजे भंगार लोखंड, वजन करून घ्यायची, एवढंच माझं काम. ती मोड घणाने फोडून भट्टीजोगी करायची, हे मामांचं. मी मॅट्रिकला बसलेला म्हणून स्वतःला शहाणा समजणारा, आणि ते घामाने डबडबलेले, धोतराचा काचा मारलेले. पण आमच्यातला आभाळात जाऊन आलेला माणूस तोच होता.

लढाईत मामा ब्रह्मदेशात विमानावर गनर होते. सरळ खाली सूर मारून बॉम्ब टाकणारं ते विमान. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थच 'सूड', असं सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा. "ह्यापरीस चांगलं नाव काय ठिवनार?" पुढे विमान चालवणारे साहेब, आणि मागे, साहेबांकडे पाठ करून, मशिनगन धरलेले मामा. "खाली सूर मारताना मला निस्तं आभाळ दिसायचं. उताना पडल्यावानी. जिमीन दिसायची ती साहेबांनी इमान वर वढल्यावर. आन् तवा त्या जपान्यांच्या तोफा माझ्याकडंच तोंड करून असायच्या. तोफेला मी तोंडावरनं वळखतो बघ. अंगानं कशी असती, मला ठावं न्हाई."

त्यांच्या तुकडीला काम असे ते या विमानं पाडणाऱ्या तोफांचंच. आधी तोफा गप्प करायच्या, म्हणजे मागून येणाऱ्यांना वाट मोकळी. जो पहिला खाली जाईल त्याच्यावर सगळ्या तोफा वळणार, हे ठरलेलं. साहेब ती पहिली पाळी कुणाला देत नसत. बावीस-तेवीस वर्षांचं पोर, खेडच्या एका मास्तरांचा एकुलता मुलगा. विमानात चढताना मागे वळून म्हणायचे, "चला गनर, पहिल्या पंगतीला गरम मिळतं." हे वाक्य सांगताना मामा हसायचे. मग हसू तसंच चेहऱ्यावर विसरून घण उचलायचे.

शेवटच्या दिवशीही पहिली पंगत त्यांचीच होती. बॉम्ब पडले, विमान वर उचललं, आणि टेकडीच्या पोटातल्या एका तोफेने मागून गाठलं. मामांना ती लखकन दिसली. त्यांनी गोळ्या झाडल्या, पण लागल्या की नाही ते धुरात समजलं नाही. कानातल्या यंत्रात साहेबांचा आवाज आला, "काही नाही. तुम्ही मागे बघत राहा." मामा मागे बघत राहिले. डोंगर ओलांडून विमान आपल्या हद्दीत आलं, भातखाचरात पोटावर घसरत थांबलं. मामा उतरले आणि पुढे गेले. साहेबांचा हात दांडीवर होता, पण साहेब नव्हते. कधी गेले, ते पाठीला पाठ असलेल्या माणसालाही कळलं नाही.

"आर्डर व्हती मागं बघायची," मामा म्हणायचे. "फुडं बघितलं आसतं तर?"



लढाई संपल्यावर मामा खेडला साहेबांच्या आईकडे गेले. मास्तर तोवर वारले होते. बाईंनी मामांना ओसरीवरही बोलावलं नाही. रडल्या नाहीत, मुलगा कसा गेला तेही विचारलं नाही. एकच प्रश्न केला, "ज्या तोफेनं माझा मुलगा मारला, तिचं काय झालं?"

"ठावं न्हाई, आई."

"मग ठाऊक झालं की या." आणि दार लावून घेतलं.

म्हणून मामा आमच्या ओतशाळेत आले होते. शेती होती, भाऊ होता, घण मारायची गरज नव्हती. पण मिलिटरीच्या डेपोतली मोड लिलावात निघे आणि आमच्याकडे येई. "जिकलेली तोफ काय देव्हाऱ्यात पुजत्यात? आज ना उद्या मोडीतच येनार," हा त्यांचा हिशेब. प्रत्येक ट्रक रिकामा होताना ते ढिगाशी उभे राहत. गाडीची चाकं, रणगाड्यांचे पट्टे, फुटक्या पेट्या. "ही न्हाई," म्हणत आणि घण घालत. "ही बी न्हाई." त्यांचा घण दुसऱ्या कुणासारखा पडत नसे. दुसरे लोखंड फोडत. मामा कुणाला तरी मारत. लोहगावच्या तळावरून नवी जेट विमानं डोक्यावरून गेली की आम्ही विमानाकडे बघायचो, ते विमानाच्या मागच्या आभाळाकडे. तिथे कुणी नाही याची खात्री झाली की पुन्हा घण.

आता माझं सांगतो. इतकी वर्षं सांगितलं नाही.

एका दुपारी चहाच्या वेळी मी मामांची नक्कल केली. ढकलगाडीवर उलटा बसलो, हातात कोळशाचं फावडं बंदुकीसारखं धरलं आणि ओरडलो, "साहेब, मेलात का जिवंत? आर्डर द्या, मी मागं बघतोय!" पोरं फिदीफिदी हसली. मामा कधी आले ते दिसलं नाही. कानफटात अशी बसली की मी फावड्यासकट खाली.

"थट्टा माझी कर," ते म्हणाले. "साहेबांची न्हाई."

मग सगळी पोरं मला हसली. मोल्डर हसले, भट्टीवाला हसला, डबा घेऊन आलेली कुणाची तरी बायको पदर तोंडाला लावून हसली. पुढे कित्येक दिवस मला 'मागंबघ्या' म्हणत. माझा कान बरा झाला, मन नाही. मी मामांशी पूर्वीसारखाच बोलत राहिलो, 'मामा, मामा' करत राहिलो, आणि आतल्या आत वाट बघत राहिलो. सूड म्हणजे काय ते मामांनी कितीदा सांगितलं होतं. मला समजलं ते त्या दिवसांत.

मामा गावच्या जत्रेसाठी रजेवर असताना डेपोचा ट्रक आला, आणि त्यात विमानं पाडायची तोफ होती. लांब नळी, गंजलेलं अंग. मिलिटरीचा ड्रायव्हर बिडी ओढत सहज म्हणाला, "अपनी ही है. बर्मा में हवाई अड्डे पे पहरा देती थी." तिच्या बुडाशी इंग्रजांच्या राजाचा मुकुट कोरलेला होता. मी छिन्नी घेतली. जेवणाच्या सुट्टीत तो मुकुट तासून काढला, वर काजळी फासली. आमच्या घरी एक जपानी कप होता. त्याच्या बुडावरची दोन अक्षरं पाठ करून आलो आणि दुसऱ्या सकाळी नळीवर कोरली. पोरांना सामील केलं. बेत असा की मामांनी घाम गळेस्तोवर घण मारायचे, आणि मग आम्ही सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, "मामा, आपलीच हाय!"

मामा आले. मी म्हटलं, "मामा, ही अक्षरं बघा बरं. जपानी वाटतात."

त्यांनी अक्षरांकडे पाहिलंच नाही. "तोंड हिकडं फिरवा," म्हणाले. आम्ही चौघांनी नळी त्यांच्याकडे वळवली. मग नळीच्या तोंडावरची नजर न काढता मामा एक एक पाऊल मागे जायला लागले. उलटे चालत गेले, ढिगाला वळसा घालून, पार फाटकापर्यंत. विमान लांब जातं तसे. तिथून त्यांचा आवाज आला.

"हीच."

धावत आले. घण उचलला. पहिला घाव पडला तेव्हा पोरांनी माझ्याकडे पाहिलं. दुसरा पडला. "साहेब!" म्हणून तिसरा. तळहात सोलून घणाचा दांडा रक्ताने निसरडा झाला तरी ते थांबेनात. ओरडायला सुरुवात मीच करायची होती. माझ्या इशाऱ्याची सगळे वाट बघत होते. मी इशारा दिला नाही. आधी मजा वाटत होती म्हणून, मग भीती वाटली म्हणून. पुढे मी या सगळ्याला दया म्हणत आलो. दया नव्हती ती.

उरलेली तोफ गॅसने कापून भट्टीत गेली. मामांनी कारखान्याच्या शेठजींच्या पाया पडून वितळलेल्या लोखंडाचा पहिला रस मागून घेतला आणि मोल्डरकडून त्याचा खलबत्ता ओतवून घेतला. दुसऱ्या रविवारी मला म्हणाले, "चल खेडला. तूच हुडकलीस तिला. साक्षीला मानूस पायजे."

चाकणपर्यंत कांद्याच्या रिकाम्या ट्रकमधून गेलो, पुढे एसटीने. खलबत्ता पंच्यात बांधून मामांनी मांडीवर घेतला होता, पोरासारखा.

दार साहेबांच्या आईंनीच उघडलं. वाळलेलं शरीर, डोळे मात्र शाबूत. प्रश्न तोच.

"तिचं काय झालं?"

मामांनी पंचा सोडला. "ह्ये झालं, आई."

त्यांनी खलाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळल्या. "तू पाहिलीस ती तोफ? नक्की तीच?"

अजूनही त्या दारात मी कधी कधी उभा असतो. मामांच्या हाताला चिंध्या बांधलेल्या. समोर ती बाई. आणि माझ्या तोंडात तो एक शब्द.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी आम्हाला आत घेतलं. तिथेच खाली बसून खलात सुक्या मिरच्या, शेंगदाणे, मीठ टाकलं आणि बत्ता उचलला. त्या हातांत इतकं बळ असेल असं वाटलं नव्हतं. घावागणिक त्यांचे ओठ आवळत होते. मध्येच थांबून मामांना म्हणाल्या, "ऐकलंस? कशी ओरडतेय?" तेवढ्यात त्या तुम्हीवरून तूवर आल्या होत्या. "आता रोज ओरडेल."

भाकरीबरोबर ती चटणी वाढली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"तिखट झाली का रे बाळ?"

"हो," मी पुन्हा म्हणालो.

परतताना मामा एसटीत पुढे तोंड करून बसले. आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं मी ते. चाकणच्या अलीकडेच त्यांचा चेहरा पांढरा पडला. "फुडं बघून मळमळतंय रं," म्हणाले, आणि हसले. मग खिडकीतून वारा घेत, माझ्याकडे न बघता बोलले, "त्या दिशी मारलं तुला. राग धरू नगंस."

"कसला राग, मामा?"

त्यानंतर मामांनी आरसा सोडून न्हाव्याला परत दिला. खेडला मात्र ते जात राहिले. त्या घरात त्यांचा पाट ठरला. आई गेल्या तेव्हा खांदा त्यांनीच दिला, आणि खलबत्ता घेऊन आले. काही वर्षांनी मामाही गेले. त्यांचा पुतण्या पोतं खांद्यावर घेऊन आमच्या दारात उभा राहिला. "काकांनी सांगितलंय, ज्यानं तोफ हुडकली त्यालाच द्यायचा."

खल आतून आरशासारखा गुळगुळीत झालाय. किती वर्षं, किती सकाळी त्या माऊलीने तो ठेचला असेल. जी तोफ कुठल्या तरी धावपट्टीपाशी उभी राहून आपली पोरं सुखरूप उतरेपर्यंत आभाळ राखत होती, जिने कोण जाणे तिच्या मुलाचीही राखण केली असेल, तिलाच ती माऊली रोज मारत होती. मुकुट तासणारा हात माझा, आणि "हो" म्हणणारं तोंडही माझंच.

मामा, मी राग धरला होता.

रोज सकाळी स्वयंपाकघरातून घाव ऐकू येतात. मी बाहेरूनच ओरडतो, "अगं, हळू!"

बायको म्हणते, "लोखंडाला काय लागतंय?"