नामदेवकाकांनी समुद्राकाठी पेटवलेली शेकोटी

परवा आमच्या विदर्भातल्या डोणगावला गेलो होतो. सकाळी अंगणात सुलूवहिनी शेकोटीशी बसल्या होत्या... साधी सुती साडी, अंगावर शाल नाही, पायात काही नाही. आणि मी स्वेटर, मफलर, कानटोपी अशा बंदोबस्तात!

मला बघून म्हणाल्या, "भाऊजी, गोधडी आणू का? मामंजींची?"

मामंजी म्हणजे त्यांचे सासरे, माझे नामदेवकाका. आता काकाही नाहीत आणि वहिनींचा नवरा गजूदादाही नाही... पण गोधडी म्हटलं की आम्ही दोघं अजून हसत सुटतो.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं होतं. काकांचा मुलगा गजूदादा रत्नागिरीकडच्या एका खेड्यात मास्तर म्हणून लागला. ज्या आप्पांच्या पडवीत तो राहायचा, त्यांच्याच मुलीशी लग्न करीन म्हणून अडून बसला.

मुलगी शेतकऱ्याची, कामाची. पण काकांचं एकच... "दमट गावची पोट्टी. आपल्या इकडची थंडी तिले झेपन का? पह्यल्याच पौषात माहेरी पयून जाईन!"

शेवटी स्वतः जाऊन, रीतसर मुलगी पाहून, रीतसर नकार द्यायचा असं ठरवून काका निघाले. मी अकोल्याला एका वर्तमानपत्रात नुकताच लागलो होतो, रजा काढून सोबत गेलो. मलकापूरला गाडीत बसताना विचारलं, काका, गोधडी घेतली का? तर म्हणाले, "दर्यावर गोधडी नेते का बे कोणी?"

आम्ही पोचलो त्याच संध्याकाळी उत्तरेकडून कोरडा वारा सुटला... असा गारठा गावातल्या म्हाताऱ्यांनीही पाहिला नव्हता म्हणे. खोबरेल बाटलीत थिजलं. एरवी घाम पुसत बसणारं गाव काखेत हात घालून फिरू लागलं. समोर समुद्र मात्र निळाशार... जणू त्याचा या प्रकरणाशी काही संबंधच नाही.

आप्पांच्या घरात पांघरुणं म्हणजे पातळ चादरी. काकांनी दोन चादरी, त्यावर भाताचं रिकामं पोतं आणि त्यावर माझं धोतर, एवढं अंगावर घेतलं. तरी दात वाजायचे थांबेनात.

त्यात त्यांचे ओठ असे फुटले की तोंड उघडलं की रक्त! नकार द्यायला आलेला माणूस दोन दिवस हातवाऱ्यांवर निभावत होता. गजूदादा त्या वाऱ्याला मनोमन नमस्कार करत असावा.

तिसऱ्या दिवशी उजाडताना काका उठले आणि बाहेर गेले. आमच्याकडे शेताच्या कडेला काडीकचऱ्याचा ढीग दिसला की तो शेकोटीचाच असतो. कुणाचाही असो, कुणी विचारत नाही. काकांना आप्पांच्या भातखाचराच्या कडेला वाळलेल्या फांद्या-पाल्याचा भला मोठा ढीग दिसला... आणि त्यांनी तो पेटवला.

काय जाळ होता! शेजारीपाजारी कुडकुडत आले आणि शेकायला बसले. काका ओठांचं दुखणं विसरून यजमान झाले. "बसा, बसा. आमच्या डोणगावले या, मंग दाखोतो थंडी काय राह्यते थे!"

एवढ्यात आप्पा आले. ढीग जवळजवळ संपला होता. ते शांतपणे म्हणाले, "पावणे, तो राब होता हो आमचा..."

राब म्हणजे काय ते मग कळलं. डोंगरातून फांद्या तोडून आणायच्या, वाळवायच्या, उन्हाळ्यात वाफ्यांवर पसरून जाळायच्या आणि त्या भाजलेल्या जमिनीत भाताची रोपं करायची. काकांनी आप्पांच्या पुढच्या भाताची तयारीच शेकून टाकली होती!

 मला वाटलं, संपलं... नकार द्यायला आलो होतो, आता घेऊन जाणार.

तेवढ्यात आप्पांची सुलू विहिरीवरून हंडा घेऊन आली. अनवाणी, पदर खोचलेला, अंगावर काटासुद्धा नाही. म्हणाली, "आप्पा, जळलं ते जळलं. आता विझायच्या आत शेकून तरी घ्या. राब परत तोडू की... पावण्यांना घेऊन."

आणि काका खरंच गेले! ती झाडावर चढून कोयत्यानं फांद्या तोडायची, काका खाली पोतं पांघरून गोळा करायचे.

वरून तिनं विचारलं, "काका, तुमच्याकडे याहून जास्त थंडी ना? मग तुम्हाला एवढी कशी वाजते?"

"आमची थंडी वळखीची हाय बाई," काका फुटक्या ओठांनी म्हणाले. "इची वळख नाई."

ती हसत खाली उतरली आणि कनवटीचा कोकमतेलाचा गोळा त्यांच्या हातावर ठेवला. "ओठांना लावा. बोलता येईल."

संध्याकाळपर्यंत काकांना बोलता येऊ लागलं. पडवीत सगळे बसलो होतो... गजूदादाचा चेहरा पांढराफटक.

काकांनी ओठांवरून एकदा जीभ फिरवली. "आप्पा, तुमचा राब जाळला म्या. तरी पोरगी देता का?"

आप्पांनी काकांच्या अंगावरच्या पोत्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "देतो. पण लग्नाला याल तेव्हा गोधडी आणा."

वैशाखात लग्न झालं. सगळं वऱ्हाड घामानं निथळत होतं आणि काका खांद्यावर गोधडी टाकून मुंबईच्या बोटीतून उतरले!

परवा वहिनींनी तीच गोधडी आणून माझ्या पायांवर टाकली. मी मुकाट्यानं घेतली... शेकोटीपुढे बसून त्या अनोळखी वाऱ्याचे मनातल्या मनात आभार मानले. तो एक दिवस उशिरा सुटला असता, तर काकांचा नकार देऊन झाला असता.