शमीमबाईंची वरची खोली

शमीमबाईंच्या लेकीचा, नसरीनचा फोन आला तेव्हा मी साबणाची लादी कापत होते. “काकू, अम्मी गेली...” एवढंच ती बोलली. हातातलं काम टाकून मी सिंदेवाहीच्या बाजारामागे, त्यांच्या घरी पोचले. त्याला आता दीड महिना झाला. रडू ओसरलंय. उरलंय ते एकच... ही बाई जिंकून गेली.

नवऱ्याचं, रहीमभाऊंचं, बांगड्यांचं दुकान बंद पडल्यावर शमीमबाई आमच्या बचतगटात आल्या. मोहाच्या बियांच्या तेलाचा साबण आम्ही त्यांच्याच अंगणात करू लागलो. हिवाळ्यात तो हातोहात खपला. मग जंगलाजवळच्या एका रिसॉर्टने पावसाळ्यासाठी मोठी मागणी दिली. आम्ही हौसेने एकेक वडी प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळली. तिथे खोका उघडला तर प्रत्येक वडीवर पाण्याचे थेंब! मॅनेजरने विचारलं, “वापरलेले साबण आणले का?” सगळा माल परत आला. दोघीजणी गट सोडून गेल्या. उरलेल्या आम्ही तोंड पाडून बसलो, तर शमीमबाई माझ्याकडे बघून हसायलाच लागल्या. “साबणाले घाम येऊन राह्यला, सुनंदा. रडता काऊन? त्याले हवा द्या!”

त्यांनी खोदून खोदून माहिती काढली. घरच्या साबणात ग्लिसरीन राहतं, ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि प्लास्टिक ती आतच कोंडतं. मग त्यांनी मिश्रणातलं पाणी कमी करून पाहिलं. पहिली खेप साच्यात ओतण्याआधीच घट्ट झाली, पुढची जमली. बुरडाकडून बांबूच्या जाळ्या करून घेतल्या, वड्या सुट्या-सुट्या मांडल्या, आठवडेच्या आठवडे सुकू दिल्या. घरातली सगळ्यात कोरडी खोली म्हणजे त्यांची स्वतःची, वरची. खाट खाली आणून ती खोली त्यांनी साबणाला दिली. पाऊस आला की खिडक्या बंद, पंखा चालू, आणि कोपऱ्यात मडक्यांत कळीचा चुना, हवेतली ओल शोषायला. रहीमभाऊ चिडवायचे, “माझ्याहून साबणाले जास्त जपते!” त्यावर यांचं उत्तर तयार, “तुमचा घाम पुसता तरी येते.”

पुढच्या श्रावणात, भर पावसात, आम्ही दोघी त्याच रिसॉर्टवर गेलो. कागदात गुंडाळलेली एक वडी उघडून त्यांनी मॅनेजरच्या टेबलावर, उघड्या खिडकीपाशी ठेवली आणि निवांत चहा पीत बसल्या. बाहेर धारा लागलेल्या. दुसरा कप संपल्यावर म्हणाल्या, “आता हात लावा.” त्याने बोट फिरवलं. कोरडं! “वापरलेला वाटते का?” शमीमबाईंनी विचारलं. तोही हसला, आणि मागणी मिळाली. परतीच्या बसमध्ये आम्ही इतक्या मोठ्याने हसलो की कंडक्टर वळून पाहू लागला. सोडून गेलेल्या दोघी महिन्याभरात परत आल्या.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या जंगलगावातल्या बाया नसरीनकडे आल्या. त्यांच्याही साबणाला पाणी सुटलेलं. “फेकून द्यावं का वं?” एकीने विचारलं. नसरीनने वडी ओढणीला पुसली, नाकाशी नेली. “फेकता काऊन? माल चांगला आहे, नुसता ओलावला. चला वर.” चपला दाराशी काढून सगळ्या जिना चढल्या. थोड्या वेळाने वरून हसणं ऐकू आलं... आणि मी खाली सगळ्यांसाठी चहा ठेवला.