भूलकाकांचा मुजरा

भूलकाका पेशंटला झोपवताना गात असत. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात ते भूल देणारे डॉक्टर, म्हणून आम्हा पोरांचे भूलकाका. सुई टोचली की मास्कमागून इटालियन सूर सुरू. शुद्धीवर आलेले पेशंट आधी विचारत, त्या गाण्यात पुढे काय झालं? काका म्हणत, "ते तिकीट काढून बघायचं."

मूळचे नागपूरचे. रविवारी आमच्याबरोबर बुद्धवंदना, मंगळवारी चर्चच्या हॉलात हौशी ऑपेरा मंडळाची तालीम. कोरसचे बोल देवनागरीत लिहून फ्रिजवर चिकटवलेले. काकू म्हणायच्या, "दूध काढायला गेलं तरी इटली आडवी येते."

मी आंबेडकरी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली. बाबा छापायचे, मी घड्या घालायचे. काकांच्या ऑपेरातली, दोनशे वर्षांपूर्वीच्या उमरावाच्या लग्नाची गंमत मला कशी रुचणार? "काका, यात आपलं काय आहे?"

"मोलकरीण आहे. चिठ्ठ्या ती पोचवते, नवरीच्या म्हाताऱ्या पालकाला ती बनवते. उमराव नुसता खिडकीखाली गातो. तुझ्या एका तरी पत्रकात इतकी हुशार बाई आहे का?"

नव्हती.

कित्येक हिवाळे मंडळात नुसते रंगमंचाचे पडदे ओढल्यावर काकांना कोरसमध्ये जागा मिळाली. त्या आनंदात त्यांनी अख्ख्या वॉर्डाला पेढे वाटले. मग शेवटच्या प्रवेशाची तालीम आली. उमराव खोटा वेष उतरवतो आणि सगळा कोरस त्याच्यापुढे कमरेत वाकतो. काका खांबासारखे उभे.

दिग्दर्शक मार्गरेटबाई निवृत्त हेडमिस्ट्रेस. म्हणाल्या, "डॉक्टर, इट्स ओन्ली कॉमेडी."

"मग त्याला आमच्यापुढे वाकू दे. लोक जास्त हसतील."

"शनिवारच्या प्रयोगात वाकला नाहीत, तर पुन्हा पडदे ओढायचे."

घरी येऊन काका म्हणाले, "काहून वाकू मी? आमचा आजा जन्मभर वाकला. तेवढं घराण्याला पुरे." त्या आठवड्यात पेशंट गाण्याशिवायच झोपले.

मी रातोरात पत्रक लिहिलं. थिएटरच्या दारात वाटायचं आणि काकांनी कोरस सोडायचा, असा माझा बेत. काकांनी चष्मा लावून वाचलं. "मजकूर खरा आहे. पण हसू कुठंच नाही. असलं पत्रक लोक डगमगत्या टेबलाच्या पायाखाली ठेवतात. आणि मला सोडायचं नाही, पोरी. मला गायचंय."

शनिवारी मी तिसऱ्या रांगेत बसले, मांडीवर पत्रकांची पिशवी. उमरावाने झगा फेकला. कोरस वाकला. काकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली, कोपऱ्यात मेणबत्ती धरून उभ्या असलेल्या मोलकरणीपुढे गेले आणि इतके वाकले की विग तिच्या पायांवर पडला. थिएटर हसून कोसळलं. उमराव हात पसरून काकांच्या पाठीला दर्शन देत राहिला. मोलकरीण आपली ओळ विसरली आणि तिनेही वाकून नमस्कार केला. वादक थांबले. माझी पिशवी उघडलीच नाही.

पडद्यामागे मार्गरेटबाई विग घेऊन आल्या. काकांनी मान ताठ केली.

"उद्याही असंच," त्या म्हणाल्या. "फक्त पिना लावा."

पुढच्या वर्षी काका एडिनबराच्या हॉस्पिटलात गेले. निरोप देताना मी रडले, ते गुणगुणत होते. महिन्याभरात टेक्स्ट आला: "इथल्या कोरसमध्ये घेतलं. या ऑपेरात तर राजाच आहे. पत्रक लिहायला घे. हसू विसरू नको."