पायखुटी घातलेल्या गाईचे ठसे

मी संशयी आहे, हे आमच्या मिरजेच्या घरात सगळ्यांना मान्य आहे. दूधवाल्याने शपथ घेतली तरी मी दुधाचा थेंब नखावर घेऊन बघते. उत्खननाच्या कामात हा स्वभाव उपयोगी पडतो, असं मी अभिमानाने सांगत आले.

म्हसवडजवळ माणगंगेच्या काठी आम्ही एक जुनी वस्ती खणत होतो. मला हवे होते जनावरांच्या पावलांचे ठसे. ओल्या चिखलात खूर उमटतो, वर पुराचा बारीक गाळ बसतो आणि ठसा शेकडो वर्षं तसाच राहतो. "ठसे मिळाले तर काम पुढच्या हंगामातही चालेल," असं मी कामावरच्या लोकांना बोलून गेले होते. आणि नेमकी मी कॅमेरा दुरुस्तीला कराडला गेले, त्याच दिवशी ठसे निघाले.

खड्ड्यात त्या दिवशी एकटे काका होते. काका म्हणजे आमच्या कामावरचे एक जण; फौजेतून निवृत्त झालेले, गावातलेच. हात इतका हलका की नाजूक काम मी त्यांच्यावरच सोपवायची.

"म्याडम, गावलं बगा!" संध्याकाळी मी परतले तेव्हा त्यांना लय आनंद झाला होता.

मी वाकून पाहिलं आणि मनात पाल चुकचुकली. गाईचे पुढचे दोन्ही खूर दर पावलाला जोडीने, शेजारी शेजारी उमटले होते. गाय अशी चालते कुठे? एक खूर पुढे, एक मागे असायला हवा. मेलेल्या गाईचा खूर मिळवून ओल्या मातीत दाबायला कितीसा वेळ लागतो?

काकांना काही न विचारता मी उत्खननाच्या प्रमुखांना, आमच्या सरांना, फोन करून शंका सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना खड्ड्याभोवतीच्या दोरीबाहेर उभं केलं, सगळ्यांसमोर.

"आवं, पर माझं चुकलं काय?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "चला माझ्यासंगं."

त्यांची गाय नदीकाठी चरत होती. पुढच्या दोन पायांना आखूड दोर बांधलेला. "वढाळ हाय, लोकांच्या रानात शिरती, म्हणून पायखुटी घातलीया." त्यांनी हाकलल्यावर गाय ओल्या गाळातून टुणटुणत गेली. मागे खुरांच्या जोड्या उमटल्या.

आता तरी मी वरमावं की नाही? उलट वाटलं, ही गाय बघूनच तर यांना कल्पना सुचली नसेल!

परत आले. ठसे खड्ड्याच्या भिंतीपर्यंत गेले होते आणि पलीकडच्या मातीला कुणाचाच हात लागलेला नव्हता. ती मी स्वतः दुपारपर्यंत खुरपीने काढली. गाळाखालून खुरांची एक जोडी निघाली, मग आणखी एक. त्या काळीही कुणाची तरी गाय ओढाळ होती आणि कुणीतरी तिचे पाय बांधले होते. एवढा सुंदर पुरावा समोर, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी काकांच्या घरी जाऊन मी माफी मागितली. "ऱ्हाऊ द्या म्याडम," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी कामावर आले. पण मी काठावर येऊन उभी राहीपर्यंत खड्ड्यात उतरले नाहीत. उरलेला सगळा हंगाम रोज तेच. खुरपी मातीला लावण्याआधी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचे, "म्याडम, बगा हां. आता हात लावतोय."